सात नंबरचं व्हायचंय अजून

आमच्या कॉलेजात टॅबलेट जेवायला बसतात.

बनारसमध्ये इंटर कॉलेज म्हणजे आपली शाळाच, बारावीपर्यंतची. तर या शाळेच्या ग्रंथालयात मागच्या भिंतीशी जमिनीवर ओळीनं बारा टॅबलेट मांडलेले असतात. प्रत्येकाखाली जुन्या वर्तमानपत्राची घडी, पाठीवर नंबर, भोवती खडूनं काढलेली महिरप आणि तोंडात चार्जरची वायर. प्रार्थनेची घंटा झाली की आमचे ग्रंथपाल त्र्यंबक डोंगरे डोळे मिटून काहीतरी पुटपुटतात, भिंतीवरचं बटण दाबतात आणि खणखणीत आवाजात म्हणतात, "सावकाश होऊ द्या!"

झाली पंगत सुरू. आता नियम एकच. मधून कुणी उठायचं नाही. अकरा टॅबलेट पोट भरून ढेकर देत पडलेले असले आणि बारावा अजून निम्म्यावर असला, तरी अकराच्या अकरा बसून राहणार. आणि बारावा, म्हणजे पाठीवर सात नंबर लिहिलेला, कायम निम्म्यावरच असतो. त्याची बॅटरी मुळातच अधू. सगळे उठायला तयार होतात तेव्हा दुपारची शेवटची घंटा झालेली असते.

मुलं डोंगरेंना 'पंगत गुरु' म्हणतात. बनारसमध्ये पानवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळेच गुरु, त्यामुळे यात आदर किती आणि टवाळी किती ते ठरवणं अवघड. मी कॉलेजात त्यांना डोंगरे सर म्हणतो आणि बाहेर त्र्यंबकदादा, कारण आमची ओळख फार जुनी. लहानपणी ते परभणीकडच्या कुठल्याशा गावाहून इथल्या पाठशाळेत वेद शिकायला आले. पाठशाळेत झोपायची सोय होती, जेवायची नव्हती. मग ही मुलं इथल्या मराठी घरांत वार लावून जेवायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. गुरुवार आमच्याकडे होता.

मला गुरुवार म्हणजे शिक्षा वाटायची. दादा एकेक शीत पारखून घेतल्यासारखे जेवायचे. माझं पान केव्हाच साफ झालेलं, खाली गल्लीत पोरं ओरडतायत, "अबे सिरीधरवा, आवत हउए कि नाहीं?", आणि इकडे हा मुंडण केलेला मुलगा ताकभाताचा एक घास करून त्याच्याकडे बघत बसलाय. वडील बसलेले असताना आम्ही कसे उठणार? आणि वडील ताटात बोटानं रेघोट्या ओढत बसलेले. ते रेल्वेत हिशेबाच्या खात्यात होते. "कचेरी काही डोक्यातून जात नाही यांच्या," असं आई म्हणायची. मी रेघोट्यांकडे बघायचो आणि मनातल्या मनात दोघांनाही शिव्या द्यायचो.

वेद दादांना झेपले नाहीत. गुरुजी म्हणाले, पाठांतर चांगलं आहे पण वेग नाही. मग ते हिंदी शाळेत गेले, पुढे ग्रंथालयशास्त्र शिकले आणि आमच्या कॉलेजात लागले. लग्न झालं नाही. ब्रह्माघाटाजवळ एका खोलीत राहतात, स्वतःचं स्वतः रांधतात. इतका संथ माणूस ग्रंथपाल व्हावा हे योग्यच होतं. तिथं कुणाला घाई नसते, कारण तिथं कुणी जातच नसतं.

आमच्या ग्रंथालयात तर जायची सोयही नव्हती. दाराशी बादली आणि लोटा. पुस्तक हवं तर कोपरापर्यंत हात धुवायचे, मग दोन्ही पंजे दादांच्या नाकासमोर धरायचे.

"कचौड़ी खाये हो?"

"नहीं सर."

दादा वास घ्यायचे. "जलेबी भी."

"सर, वो तो कल..."

"फिर धोओ."

तिसऱ्यांदा धुवून होईपर्यंत मधली सुट्टी संपायची. पुस्तकं अशी कोरी करकरीत राहिली की नव्यानं आलेल्या शिक्षकांना ती त्याच आठवड्यात घेतलेली वाटायची.

अशा माणसाच्या हाती टॅबलेट आले. कॉलेजचा एक माजी विद्यार्थी परदेशात मोठा झाला, त्याला बालपण आठवलं आणि त्यानं बारा टॅबलेट पाठवून दिले. अट एवढीच की ते ग्रंथालयात राहावेत आणि मुलांनी त्यांवर वाचावं. मुलं वापरत नाहीत असं दिसलं, तर प्राचार्यांनी ते दुसऱ्या योग्य विभागाकडे द्यावेत.

दुसरा योग्य विभाग म्हणजे मी. मी इथं कंप्युटर शिकवतो. माझ्या खोलीतले संगणक इतके जुने आहेत की ते सुरू केले की पहिल्या बाकाला वारा लागतो. टॅबलेटची खोकी माझ्याकडेच येणार असं मी धरून चाललो होतो. कपाटही रिकामं करून ठेवलं होतं. खोकी माझ्या दारावरून पुढे ग्रंथालयाकडे गेली तेव्हा मी काही बोललो नाही. मी बोलणारा माणूस नाहीच. मला हवी असलेली वस्तू मी मागत नाही. ती दुसऱ्याच्या हातात कशी शोभत नाही, एवढंच लोकांना दाखवत राहतो.

आणि दादांनी दाखवण्यासारखं इतकं काही पुरवलं की मला फार कष्ट पडले नाहीत.

लखनौहून टाय लावलेला एक पोरगा शिकवायला आला होता. त्यानं टॅबलेट हातात धरून सांगितलं, "सर, पहली बार सबको फुल चार्ज कर लीजिएगा. बीच में मत निकालिएगा."

दादा हात जोडून, डोळे मिटून ऐकत होते. पाठशाळेतली सवय. "एक को भी नहीं?"

"एक को भी नहीं."

"सब भर जाएँ, तभी उठें?"

"जी सर." पोरगा खूश झाला. इतक्या भक्तिभावानं त्याचं कुणी कधी ऐकलं नसावं.

यातलं 'पहली बार' तेवढं दादांच्या कानातून निसटलं. बाकीचं सगळं त्यांनी दीक्षा घेतल्यासारखं घेतलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी पानाभोवती फिरवतात तसं प्रत्येक टॅबलेटभोवती पळीनं पाणी फिरवलं. आठव्यापर्यंत कसं कोण जाणे, निभावलं. नवव्याशी विजेचा बोर्ड होता. एक निळी ठिणगी उडाली, ग्रंथालयाचे पंखे थांबले, मग माझे संगणक बंद पडले, मग प्राचार्यांच्या खोलीतला एसी. प्राचार्य मिश्रजी तोंडात पान घेऊन धावत आले आणि पिंक कुठे टाकावी ते न सुचून बराच वेळ नुसत्या हातवाऱ्यांनी ओरडत राहिले. दादा पळी हातात धरून शांत उभे. "भूल हमारी है," ते म्हणाले. "पानी नहीं, सूखा होना चाहिए था." दुसऱ्या दिवसापासून खडूची महिरप आली.

मग पासवर्ड. टॅबलेट उघडायचा तर पासवर्ड हवा, आणि पासवर्ड म्हणजे गुप्त शब्द, असं त्या लखनौच्या पोरानं सांगितलेलं. दादांच्या आयुष्यात गुप्त शब्द एकाच रीतीनं दिला जातो. ते विद्यार्थ्याला समोर बसवायचे, दोघांच्या डोक्यांवरून उपरणं घ्यायचे आणि उजव्या कानात पासवर्ड सांगायचे. मुलींच्या कानाशी जाणं बरं नाही म्हणून त्यांना हातभर लांब बसवून, तोंडापुढे उपरणं धरून ते इतक्या दणक्यात कुजबुजायचे की पासवर्ड बाहेर सायकल स्टँडपर्यंत पोचायचा. संध्याकाळी फाटकाशी चाट विकणाऱ्यालाही तो पाठ झाला होता.

आणि ते 'सावकाश'. पंगतीत वाढून झालं की यजमान म्हणतो, सावकाश होऊ द्या. दादा ते सगळ्याच गोष्टींना म्हणायचे. पान उघडायला वेळ लागला, सावकाश होऊ द्या. नेट गेलं, सावकाश होऊ द्या. आमच्या पोरांना मराठी कुठून येणार? त्यांनी हा संगणकाचाच शब्द धरला. माझ्या वर्गात एकानं उभं राहून सांगितलं, "सर, हमारा कंप्युटर आधे घंटे से सावकाश हो रहा है."

मी एकदा त्यांना समजावून पाहिलं. खरंच पाहिलं.

"दादा, ही बॅटरी आहे. अर्धी भरली तरी चालते. उलट सारखी गच्च भरली तर लवकर खराब होते."

"चालते ना. तू चालशील अर्ध्या पोटी?"

"बॅटरीला पोट नसतं हो."

"मग भरतं काय?"

मी स्टाफरूममध्ये आलो आणि हा संवाद करून दाखवला. उपरण्याच्या जागी टेबलावरचा रुमाल घेतला. हे मी पहिल्यांदाच कबूल करतोय: मी नक्कल फार उत्तम करतो. एरवी माझ्या तोंडून आठवड्यात दोन वाक्यं निघत नाहीत, पण दादा झालो की मला शब्द कमी पडत नसत. मान जराशी तिरकी, बोटं पळी धरल्यासारखी, "एक को भी नहीं?" हिंदीच्या दुबेजींना ठसका लागायचा. मिश्रजी मुद्दाम चहाच्या वेळेला यायचे. "अरे श्रीधरजी, जरा वो पंगत वाला हो जाए." आणि मी रुमाल घ्यायचो. कधी कधी दादा पलीकडच्या कोपऱ्यात स्वतःचा चहा फुंकत बसलेले असायचे. तेही हसायचे. एकदा तर म्हणाले, "हात जरा आणखी सावकाश फिरव, श्री. मी एवढा घाईत नसतो."

हे असंच चाललं असतं. पण मी एकदा एका खिडकीतून पाहिलं.

ग्रंथालयाच्या खिडक्या व्हरांड्याकडे उघडतात. मी दुसऱ्याच कामासाठी चाललो होतो. आत भिंतीशी टॅबलेटची पंगत बसलेली होती, आणि समोर सतरंजीवर दुसरी पंगत. मुलांची. मांडी घालून, टॅबलेटवर ओणवी. दादांनी टॅबलेट उचलायला मनाई केली होती. वाचायला कधीच नव्हती. उचलता येत नाही म्हणून त्यांच्यावर ना सेल्फी निघत होते, ना ते घेऊन कुणी गच्चीवर पळत होतं. वायर पोचेल तेवढ्यातच जे करता येईल ते करायचं, आणि तिथं वाचण्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं. एकजण ग्रहांची चित्रं बोटानं मोठी करून बघत होता. दोघं एकच इयरफोन कानांत वाटून गोष्ट ऐकत होते. एकाचं तोंड उघडं राहिलं होतं ते त्याला कळत नव्हतं.

सात नंबरसमोर निदा बसली होती. नववीतली, मदनपुऱ्यातल्या विणकराची मुलगी. ही मुलगी वर्गात वाचायला उभी राहिली की आम्ही शिक्षक घड्याळाकडे बघतो. अक्षर लावता लावता ती ओळीच्या टोकाला पोचते तोवर ओळीची सुरुवात विसरलेली असते. त्या टॅबलेटवर अशी सोय होती की आवाज वाचतो आणि वाचलेला शब्द पिवळा होतो. निदा एक शब्द ऐकायची, थांबवायची, स्वतः म्हणायची, ते रेकॉर्ड करायची आणि स्वतःचा आवाज ऐकायची. चुकला की पुन्हा. दादा शेजारी बसले होते. ते काही शिकवत नव्हते. तिनं वर बघितलं की तेवढं म्हणत होते, "होने दो, बेटा. सावकाश."

मी पाहिलं आणि पुढे गेलो. स्टाफरूममध्ये त्याची नक्कल केली नाही. ती करून दाखवली असती तर कुणी हसलं नसतं.

त्यानंतर काही दिवसांनी मिश्रजींनी बैठक घेतली. देणगीदाराची दिल्लीतली माणसं बघायला येणार होती. मिश्रजींनी पान गालात सारलं. "टॅबलेट का क्या हाल है? बच्चे इस्तेमाल करते हैं?" आणि सवयीनं माझ्याकडे पाहिलं. कंप्युटरचा माणूस मीच.

"मैंने तो आज तक किसी बच्चे के हाथ में देखा नहीं," मी म्हणालो.

अक्षर न् अक्षर खरं. दुबेजी हसले. सगळेच हसले. दादा मान डोलावत होते, कारण त्यांना हे कौतुक वाटलं होतं: एकाही मुलानं नियम मोडला नाही, असं श्री सांगतोय.

तपासणीच्या दिवशी मिश्रजींनी एक हुशारी केली. ग्रंथालय नीटनेटकं दिसावं म्हणून त्यांनी सगळ्या मुलांना आपापल्या वर्गात बसवलं. सतरंजी झटकून घडी घालून ठेवली. त्यामुळे दिल्लीच्या मॅडम आत आल्या तेव्हा त्यांना काय दिसलं, तर रिकामं ग्रंथालय, दाराशी बादली, आणि भिंतीशी महिरपी काढलेल्या चौकोनांत निवांत जेवत पडलेले बारा टॅबलेट. मॅडमच्या बरोबरच्या तरुणानं लगेच फोटो काढला.

मॅडम वाकल्या आणि त्यांनी तीन नंबरला हात घातला.

"मैडम, रुकिए." दादा लगबगीनं पुढे झाले. लगबगीनं म्हणजे त्यांच्या मानानं. "अभी पंगत नहीं उठी."

"जी?"

"भोजन चल रहा है."

"किसका?"

दादांनी हातानं सगळी ओळ दाखवली. मॅडमनी मिश्रजींकडे पाहिलं. मिश्रजींनी छताकडे.

"तो कब उठेगी?" मॅडमचा आवाज बऱ्यापैकी गोड होता.

"बस, सात नंबर का पेट भर जाए."

तो तरुण खोकल्यासारखं करून हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सरळ माझ्याकडे वळून विचारलं, "आप बताइए सर. बच्चे इन पर कुछ पढ़ते हैं या नहीं?"

एवढा सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. उत्तर एका शब्दाचं होतं. वर्ग भिंतीपलीकडेच होते. निदाला हाक मारली असती तर ती धावत आली असती. मी दादांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. मी काय सांगणार याची त्यांना काळजीच नव्हती. ते वाकून सात नंबरची सैल झालेली वायर नीट बसवत होते.

"मैडम, कंप्युटर रूम में अलमारी तैयार है," मी म्हणालो.

अकरा टॅबलेट त्याच दिवशी माझ्या कपाटात आले. सात नंबर आणला नाही. बॅटरी खराब म्हणून तो तिथंच सोडला. दादांनी विरोध केला नाही. प्रत्येक टॅबलेट त्यांनी धुतलेल्या फडक्यानं पुसून माझ्या हातात दिला आणि दर वेळी सांगितलं, "याचं झालंय." "याचंही झालंय." शेवटच्याला जरा थांबले. "याचं थोडं राहिलंय. तुझ्याकडे गेल्यावर दे."

माझ्या खोलीत सगळं शिस्तीत सुरू झालं. वेळापत्रक लागलं, मुलं रांगेत येऊ लागली, टॅबलेट हातात पडू लागले. हातात पडलेल्या टॅबलेटचं मुलं जे करतात तेच झालं. गच्चीवरचे नाच निघाले, गंगेच्या पुराचे आणि मिश्रजींच्या टकलाचे व्हिडिओ निघाले. दुपारपर्यंत निम्मे बंद पडायचे. एक जिन्यावरून पडून फुटला. मिश्रजी मात्र खूश होते, कारण मुलांच्या हातांत टॅबलेट असल्याचे फोटो दिल्लीला गेले आणि तिकडून शाबासकी आली. वाचत कुणी नव्हतं. निदा एकदा वेळापत्रकाप्रमाणे आली, तिला चार नंबर मिळाला, मागे रांगेत उभ्या असलेल्या मुलानं "जल्दी कर ना" म्हटलं, आणि तिनं तो न उघडताच परत दिला.

स्टाफरूममध्ये नक्कल करायची मला आता फर्माईश होत नव्हती. गंमत संपली होती.

मग चार्जर कमी पडले. सात नंबरचा चार्जर चांगला होता आणि तो एका अधू टॅबलेटवर वाया चालला होता. तो मागायला मी मधल्या सुट्टीत ग्रंथालयात गेलो. माझा डबा नुकताच खाऊन झाला होता. रिकामा डबा हातातच होता.

दाराशी बादली होती. मी हात धुतले. का ते माहीत नाही.

भिंतीशी अकरा महिरपी तशाच होत्या, रिकाम्या. रोज नव्यानं काढत असावेत, कारण खडू ताजा होता. बाराव्या महिरपीत सात नंबर जेवत होता. समोर सतरंजीवर निदा ओणवी बसली होती आणि शेजारी दादा, मांडी घालून. त्यांच्यापुढे त्यांचा डबा होता. झाकण लावलेलं.

"ये श्री. बस."

"दादा, सुट्टी संपत आली. जेवला नाहीत?"

"सात नंबरचं व्हायचंय अजून."

"अहो, त्यासाठी तुम्ही कशाला थांबायचं? त्याचं कधी होणार, आणि तुम्ही कधी जेवणार?"

"मी एकटा जेवायला लागलो की फार भरभर जेवतो," ते म्हणाले. "घरी रोज तसंच होतं. स्टोव्ह विझायच्या आत जेवण संपलेलं असतं. इथं बरं वाटतं."

निदानं एक शब्द ऐकला, थांबवला, म्हटला. चुकला. तिनं वर पाहिलं.

"होने दो," दादा तिला म्हणाले आणि माझ्याकडे वळले. मोठ्यानं बोलून तिचा शब्द हरवू नये म्हणून आवाज अगदी खाली आणला. "तुला आठवतं का, मी गुरुवारी तुमच्याकडे यायचो?"

"आठवतं ना. माझा खेळ बुडायचा."

"इतर सहा घरी लोक उठले की मीही उठायचो. पानात भात तसाच. मग म्हणायचे, मुलगा टाकतो, माजलाय. कसं सांगणार, की मला अजून भूक आहे, पण घास गिळायला वेळ लागतो?" ते जरा हसले. "तुमच्याकडे पहिल्याच गुरुवारी तुझ्या वडिलांचं केव्हाच झालं होतं. मी म्हटलं, उठणार आता. उठलेच नाहीत. ताटात बोट फिरवत बसले."

"आकडेमोड करायचे ते, दादा. कचेरीतली."

"रिकाम्या ताटात कसली आकडेमोड रे?"

मी हातातल्या रिकाम्या डब्याचं झाकण पुन्हा घट्ट केलं.

"माझा ताकभात संपेपर्यंत बोट फिरवत राहायचे. दर गुरुवारी. एकदाही माझ्याकडे वर बघितलं नाही त्यांनी. बघितलं असतं तर मला घास गेला नसता."

मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली. निदा दचकून उठायला लागली. दादांनी तिला हातानंच बस म्हटलं. सात नंबरच्या कोपऱ्यातली बॅटरीची खूण अजून बरीच भरायची राहिली होती, आणि तिचा धडाही बराच राहिला होता. दादांनी आता कुठे स्वतःच्या डब्याचं झाकण काढलं. दहीभात होता. त्यांनी एक छोटा घास केला आणि तो हातात धरून त्याच्याकडे बघत बसले, अगदी तसेच.

बारावीचा वर्ग माझी वाट बघत होता. चार्जर तिथंच समोर होता. ओढून घ्यायला क्षण लागला नसता.

मी सतरंजीवर बसलो. माझा डबा समोर ठेवून उघडला. आत काही नव्हतं. तळाशी लोणच्याच्या तेलाचा एक लालसर डाग तेवढा होता. मी त्यात बोट घातलं आणि फिरवायला लागलो.

दोघांपैकी कुणाकडेही मी वर बघितलं नाही.